थिबाराजाचा ब्रह्मदेश

आमच्या गावाच्या नावात राजा आहे. गावात मात्र आज राजा नाही. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहुणा राजा ही बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाची नावे लखुजीराजे जाधवांच्या घराण्याची आठवण अजून उराशी धरून बसली आहेत. सत्ता जाते, जहागिऱ्या जातात, वाड्यांचे चिरे ढासळतात आणि गावाच्या नावाला चिकटलेला एक शब्द तेवढा मागे राहतो. राजा गेला म्हणजे नेमका कोठे गेला, हा प्रश्न लहानपणी आम्हांला फार छळीत असे.

आश्विनात गावात बालाजीची यात्रा भरते. उंच उंच लाकडी लाटा उभ्या करून मंडप घालण्याचा सोहळा पाहायला सारा पंचक्रोशीचा लोक लोटतो. तो पाहून घरी परतलो, की आमचे आजोबा ओसरीवरच्या काळ्याभोर खांबावरून हात फिरवीत म्हणायचे, "हा बर्माटीक बरं का! शंभर वर्षं झाली, वाळवीनं तोंड लावलं नाही." आम्हांला त्याचे मोठे नवल वाटे. विदर्भाला सागाचा काय तोटा? बल्लारशाचा साग आहे, आलापल्लीचा आहे. मग हा खांब समुद्रापलीकडून कशाला आला? मुंबईच्या लाकूडबाजारातून आगगाडीने जालन्यापर्यंत आणि तेथून बैलगाडीने आमच्या ओसरीपर्यंत तो आला, एवढेच आजोबांना ठाऊक. पण त्या लाकडाच्या पायी एक राजा सिंहासनावरून उठला आणि आमच्याच महाराष्ट्रात येऊन मेला, ही हकीकत पुढे पुष्कळ वर्षांनी आम्हांला कळली. राजा कोठे जातो, या आमच्या बालपणीच्या प्रश्नाला निदान एक उत्तर तरी मिळाले.

ती हकीकत थिबाराजाची. आणि ती सांगायची तर आधी त्याचा देश डोळ्यांसमोर आणायला हवा.

* * *

ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, आकाराने महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आहे. त्याच्या उत्तर टोकाला हिमालयाची बर्फाळ शेपटी, दक्षिणेला समुद्रात शिरलेली तेनासरीमची लांबट पट्टी, पूर्वेला शान लोकांचे पठार आणि पश्चिमेला आराकानचे डोंगर. या साऱ्याच्या मधोमध इरावती नदी दोन हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवीत वाहते. उत्तरेत मिचिना गावाच्या वर दोन पहाडी नद्यांच्या संगमातून ती जन्मते, वाटेत चिंदविनला पोटात घेते आणि शेवटी अनेक फाटे फोडून सागराला मिळते. आपल्या गोदावरीवाचून जसा महाराष्ट्र कल्पिता येत नाही, तसा इरावतीवाचून ब्रह्मदेश कल्पिता येत नाही. आगगाडी येण्यापूर्वी तीच त्या देशाचा राजरस्ता होती.

आराकानच्या डोंगरांचे काम आपल्या सह्याद्रीसारखेच आहे. नैर्ऋत्येचे मोसमी वारे समुद्रावरून येतात, डोंगरावर आपटतात आणि आराकानच्या किनाऱ्यावर कोकणाहूनही अधिक पाऊस ओततात. पलीकडे उतरेतो त्यांची झोळी रिकामी झालेली असते. म्हणून देशाच्या मध्यभागी, जेथे पूर्वीच्या साऱ्या राजधान्या वसल्या, तो मुलूख कोरडा आहे. तेथे ताडाची झाडे, तिळाची शेते, भुईमूग, ज्वारीबाजरीसारखी धान्ये आणि उन्हाळ्यात चाळीस अंशांपलीकडे तापणारी धूळ! आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला तेथे नेऊन सोडले, तर देवळांचे कळस तेवढे वेगळे वाटतील. माती आणि ऊन परके वाटायचे नाही.

याच कोरड्या पट्ट्यात पगान आहे. १०४४ साली अनव्रथ राजा गादीवर आला, थेरवादी बौद्ध धर्माला त्याने राजाश्रय दिला आणि पुढल्या अडीचशे वर्षांत नदीकाठच्या त्या माळावर विटांची हजारो देवळे आणि स्तूप उभे राहिले. दोन हजारांहून अधिक आजही उभे आहेत. ब्रह्मी भाषेतही आपल्याकडून गेलेले शब्द जागोजाग भेटतात. पण ते तेथील जिभेवर असे काही वळले आहेत, की ओळख पटायला क्षणभर थांबावे लागते. आपले 'रत्न' तेथे 'यदना' होते. आपला 'सूर्य' तेथे 'थुरिया' होतो. वाचकांनी हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांच्याशी गाठ पडणार आहे.

* * *

१७५२ साली अलौंगपया नावाच्या एका गावच्या मुखियाने नवे राजघराणे स्थापिले. त्या घराण्याने सयामला धूळ चारली, आराकान जिंकले, मणिपूर आणि आसामपर्यंत हात लांबवले. तेथे त्याची गाठ इंग्रजांशी पडली. १८२४ ते १८२६ च्या पहिल्या युद्धानंतर यांडाबोचा तह झाला. आराकान आणि तेनासरीम इंग्रजांकडे गेले आणि वर एक कोट रुपयांची खंडणी बसली. १८५२ च्या दुसऱ्या युद्धात रंगून आणि पेगू गेले. समुद्राचे दार बंद झाले. ब्रह्मी राजा आता नदीच्या वरच्या अंगाला, घराच्या माजघरात कोंडल्यासारखा उरला.

त्या माजघराला शोभा आणणारा राजा म्हणजे मिंडॉन. धर्मशील, शांत, काळाची पावले ओळखणारा. १८५७ साली त्याने मंडाले नगरीची स्थापना केली. एकेक बाजू सुमारे दोन किलोमीटर लांब अशी चौरस तटबंदी, भोवती रुंद खंदक आणि मध्यभागी सारा सागवानी, सोन्याच्या मुलाम्याचा राजवाडा. नगरीचे दरबारी नाव यदनाबोन, रत्नांची नगरी. याच मिंडॉनने १८७१ साली पाचवी बौद्ध धर्मसंगीती भरवली आणि सारे त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरवून ठेवले. राज्य जाईल, पण धर्म दगडावर राहील, असे त्याच्या मनात आले असेल काय? शिळा आजही उभ्या आहेत.

मिंडॉनला राण्या पुष्कळ, मुले पुष्कळ. आणि युवराज नेमायचा राहून गेलेला. १८७८ साली तो मृत्युशय्येवर असताना दरबारातल्या कारस्थानातून थिबा नावाचा एक तरुण पुत्र गादीवर बसवला गेला. वय जेमतेम विशीचे. मठात राहून धर्मग्रंथांच्या परीक्षा दिलेला, मृदू स्वभावाचा हा मुलगा निवडण्याचे कारण उघड होते: तो हातात राहील. सासू आणि राणी सुपायालत यांच्या धाकात तो राहिलाही. १८७९ च्या फेब्रुवारीत गादीचे हक्कदार म्हणून कित्येक राजपुत्र, राजकन्या आणि आप्त ठार करण्यात आले. थिबाने हुकूम दिला की केवळ अडवले नाही, यावर वाद पुष्कळ झाला. पण ते रक्त त्याच्या कारकीर्दीवरून पुसता येत नाही, आणि पुसूही नये. पडलेल्या राजाची कीव करताना त्याच्या हातून जे घडले ते झाकले, तर तो इतिहास राहत नाही, पोवाडा होतो.

मात्र इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले ते या रक्तपातासाठी नव्हे. त्याला सहा वर्षे उलटून गेली होती. कारण वेगळे होते. आमच्या ओसरीवरच्या खांबासारखेच काळेभोर आणि टिकाऊ.

* * *

ब्रह्मदेशात साग हे राजाचे झाड मानीत. ते तोडायची रीत मोठी धीराची. हिरवा साग पाण्यात बुडतो. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि कच्चे लाकूड कापून कडे पाडायचे, दोन-तीन वर्षे ते झाड उभ्याउभ्याच वाळू द्यायचे, मग पाडायचे. हत्तींनी ओंडके ओढ्यापर्यंत ओढायचे, पावसाळ्यात ओढा फुगला की ते इरावतीत जायचे, आणि तराफे बांधून शेकडो कोसांचा प्रवास करीत रंगूनच्या वखारीत पोचायचे. झाडावर पहिला घाव पडल्यापासून ओंडका बंदराला लागेपर्यंत कित्येक वर्षे जात. १८५६ साली ब्रँडिस नावाचा जर्मन वनशास्त्रज्ञ पेगूच्या जंगलांवर नेमला गेला. किती झाडे आहेत ते मोजून मगच किती तोडायची ते ठरवण्याचा परिपाठ त्याने घातला. तोच पुढे साऱ्या हिंदुस्थानच्या जंगलखात्याचा पाया झाला.

या सागाचा व्यापार करणारी एक बलाढ्य कंपनी १८६३ साली आपल्या मुंबईत स्थापन झाली: बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. मालक इंग्रज, जंगल थिबाचे, पेढी मुंबईची. १८८५ साली मंडालेच्या दरबाराने आरोप ठेवला, की कंपनीने दाखवले त्याहून कितीतरी अधिक ओंडके वाहून नेले आणि कर बुडवला. दरबाराने सुमारे तेवीस लाखांचा दंड ठोठावला. त्याच वर्षी थिबाने फ्रेंचांशी व्यापारी तह केला होता, त्याने इंग्रज आधीच बिथरले होते. व्हाइसरॉय डफरिनने ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता धाडला: दंडाचा वाद आमच्या प्रतिनिधीपुढे मांडा आणि यापुढे परराष्ट्रांशी व्यवहार आमच्या सल्ल्याने करा. स्वतंत्र राजाने असे मान्य केले, तर तो राजा कसला?

नोव्हेंबरच्या मध्याला आगबोटींचा काफिला इरावतीतून वर निघाला. पंधरवडाही लागला नाही. २८ नोव्हेंबरला इंग्रजी फौज मंडालेत शिरली आणि दुसऱ्या दिवशी राजाराणीला साध्या बैलगाड्यांत बसवून नदीवर नेण्यात आले. लोक रस्त्याच्या दुतर्फा गुडघे टेकून रडत होते. धक्क्यावर जी आगबोट उभी होती तिचे नाव 'थुरिया', म्हणजे सूर्य! सूर्य नावाच्या नावेत बसून अलौंगपयाचे घराणे अस्ताला गेले. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. खेड्यापाड्यांतली झुंज मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिली.

येथे आपण हिंदी लोकांनी थोडे थांबून विचार करावा. त्या आगबोटींत गोऱ्यांबरोबर हिंदी पलटणीही होत्या. आपल्याच माणसांनी शेजाऱ्याच्या घराची कडी काढली. तरी एक गोष्ट अभिमानाने नमूद करायला हवी. मंडाले पडून जेमतेम महिना झाला, तोच २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत बहात्तर प्रतिनिधी जमले आणि राष्ट्रसभा जन्माला आली. त्या पहिल्याच अधिवेशनाच्या ठरावांत उत्तर ब्रह्मदेश खालसा करण्याला नापसंती दाखवणारा एक ठराव आहे. ज्या शहरात त्या लढाईचे कारण असलेली पेढी होती, त्याच शहरात तिच्याविरुद्धचा हा शब्द उमटला.

* * *

थिबाला आधी मद्रासेस नेले आणि १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीस. रत्नांच्या नगरीचा राजा रत्नांच्या गिरीवर आला. पण दैवाच्या या कोटीवर हसण्याची त्याची मनःस्थिती नसावी. रत्नागिरी निवडली ती तिच्या आडबाजूमुळे. तिकडे आगगाडी नव्हती, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीही बंद. मंडालेच्या कोरड्या हवेत वाढलेल्या माणसाला कोकणचा तो चार महिन्यांचा अखंड पाऊस कसा वाटला असेल! चार मुलींपैकी तिसरी मद्रासेत जन्मली, चौथी १८८७ साली रत्नागिरीत. त्या मुलींना ब्रह्मदेश ही आईच्या तोंडून ऐकायची एक कहाणी होती, आणि मराठी ही रोजची भाषा.

राजा भाड्याच्या बंगल्यांत राहिला. नोकरचाकर पुष्कळ, तनखा तुटपुंजा. बरोबर आणलेली माणके एकामागून एक सावकारांच्या तिजोरीत गेली. गावाबाहेर जायचे तर सरकारची परवानगी. अखेर १९१० साली, हद्दपारीची चोवीस वर्षे उलटल्यावर, खाडीकडे तोंड केलेल्या टेकडीवर तांबड्या विटांचा तिमजली वाडा बांधून झाला. त्याच्या उतरत्या छपराला आणि लाकडी नक्षीला मंडालेची आठवण आहे. तेथे तो जेमतेम सहा वर्षे राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात वारला. देह तरी मायदेशी जावा म्हणून राणी हट्ट धरून बसली. सरकारने ऐकले नाही. १९१९ च्या मार्चमध्ये रत्नागिरीतच दफन झाले, आणि मग राणीला परत जाण्याची मुभा मिळाली. मंडालेस नव्हे, रंगूनपर्यंतच. तेथे १९२५ साली ती गेली.

थोरली राजकन्या मात्र काही काळाने रत्नागिरीस परतली. राजवाड्याच्या एका मराठी पहारेकऱ्यावर तिचा जीव जडला होता. त्यांची मुलगी टूटू रत्नागिरीतच वाढली, तेथल्याच गृहस्थाशी तिचे लग्न झाले, गरिबीत संसार झाला आणि २००० साली ती वारली, ती कोकणातल्या चारचौघींसारखी मराठी बोलत. अलौंगपयाच्या पणत्यांच्या ज्योती अशा रत्नागिरीच्या आळीत लागल्या.

* * *

आता दैवाची दुसरी कोटी पाहा. थिबा रत्नागिरीत दिवस मोजीत असतानाच, २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची हद्दपारी झाली, आणि सप्टेंबरात त्यांना नेऊन ठेवले ते मंडालेस! लोकमान्यांचा जन्म रत्नागिरीचा. थिबाची राजधानी मंडाले. एकाच सरकारने एकाला दुसऱ्याच्या गावी कोंडले. तो तुरुंग थिबाच्याच तटाच्या आत होता. राजवाड्याच्या आवाराला आता 'फोर्ट डफरिन' असे नाव मिळाले होते.

तुरुंगाची बराक लाकडाची; फळ्यांना फटी. उन्हाळ्यात त्यांतून धग आणि धूळ, थंडीत गार वारा. कोकणातल्या ओल्या हवेत जन्मलेला, मधुमेहाने गांजलेला, पन्नाशी उलटलेला हा पुरुष त्या भट्टीत बसून जर्मन आणि फ्रेंच शिकत होता. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्याच बराकीत त्यांनी शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले. १९१२ साली पत्नीच्या निधनाची वार्ताही तेथेच कानी आली. १९१४ च्या जूनमध्ये सुटका झाली आणि पुढच्या वर्षी ग्रंथ छापून निघाला. आज घरोघर जो ग्रंथ पूजेला लागतो, त्याच्या पानापानावर मंडालेची धूळ बसलेली आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

राजा काय आणि लोकमान्य काय, दोघांनाही बंदिवास घडला. एकाने तो सोसला, दुसऱ्याने तो कामाला लावला. पण या तुलनेत थिबाला कमी लेखणे सोपे आहे. लोकमान्यांची शिक्षा सहा वर्षांची होती. सुटल्यावर त्यांना जायला देश होता, वाट पाहणारे लोक होते. थिबाच्या शिक्षेला शेवटच नव्हता.

* * *

पुढची कथा थोडक्यात सांगतो. इंग्रजी अमदानीत इरावतीच्या मुखाशी असलेली खाजणाची जंगले तुटली आणि भाताची खाचरे झाली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जगात सर्वांत अधिक तांदूळ निर्यात करणारा देश तो हाच. नदीकाठच्या येनांजांगच्या विहिरींतले खनिज तेल निघू लागले; 'बर्मा शेल'चा डबा आपल्या खेड्यांतल्या दुकानांत पोचला. १९३७ साली ब्रह्मदेश हिंदुस्थानच्या कारभारातून वेगळा झाला. १९४२ साली जपानी आले, लाखो हिंदी लोक रानावनांतून पायी मायदेशी निघाले आणि वाटेत हजारो मेले. तिकडचा तांदूळ बंद झाल्याचा चटका १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात बसला. १९४५ च्या मार्चमध्ये, मंडाले पुन्हा जिंकण्याच्या लढाईत, तो सागवानी राजवाडा जळून खाक झाला. त्यातली एकच मोठी इमारत वाचली, आणि ती थिबामुळे! पित्याने ज्या दालनात देह ठेवला ते त्याने राजवाड्यातून हलवून बाहेर मठ म्हणून उभारले होते. ते कोरीव सोनेरी दालन आजही तेथे आहे.

४ जानेवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला. १९६२ साली लष्कराने सत्ता घेतली, आणि मधल्या थोड्या वर्षांचा अपवाद सोडला, तर २०२१ च्या उठावानंतर पुन्हा तेच ग्रहण. निसर्गाचे तडाखेही थोडे नव्हते. २००८ च्या मे महिन्यात नर्गिस वादळाने त्रिभुज प्रदेशात लाखाहून अधिक बळी घेतले. खाजणे तुटल्यामुळे समुद्राला अडवणारे कुंपणच उरले नव्हते. सागाची लूट इतकी झाली, की २०१४ च्या एप्रिलपासून ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. ब्रँडिसने झाडे मोजायला शिकवली होती. मोजणे राहिले बाजूला, तोडणे तेवढे चालू राहिले. आणि २८ मार्च २०२५ च्या भूकंपाने मंडाले आणि सगाईंगला हादरवले, तीन हजारांवर माणसे गेली, मिंडॉनच्या तटबंदीचे चिरे निखळले.

मागे आम्ही रत्नागिरीस गेलो, तेव्हा थिबाची समाधी पाहायला मुद्दाम वाट वाकडी केली. २०१२ साली म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन येथे येऊन गेले. २०१६ साली, मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, त्याचे वंशज आणि तिकडचे भिक्षू येऊन गेले. साधे दगडी बांधकाम, भोवती घरे, वर कोकणचे आभाळ. कोणी तरी बाजूला मातीची एक पणती ठेवून गेले होते. तेल संपले होते, वात काळी पडली होती.

ब्रह्मदेशातही दिव्यांचा सण असतो. आपली कोजागिरी येते त्या सुमारास तेथे थडिंज्युट. भगवान बुद्ध स्वर्गात आपल्या मातेला धर्म सांगून पृथ्वीवर परतले, त्यांना वाट दिसावी म्हणून घरोघर दिवे लावतात. आणि आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा दीपोत्सव. म्हणजे आपली दिवाळी त्या दोन पौर्णिमांच्या मधोमध येते.

यंदा देऊळगावच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणत्या मांडताना नातीने विचारले, "ही एक खांबाशी कशाला ठेवता?" तिला सांगितले, हा खांब फार लांबून आला आहे, बाळ. तो ज्या रानातून आला तिथला राजा आपल्याकडेच राहिला, परत गेलाच नाही. त्याच्याकरता ही एक.

ती क्षणभर विचारात पडली आणि वात सारून तिने पणती थोडी मोठी केली.